२८व्या आठवड्यात जन्मलेलं बाळ आणि मेंदूतला ‘ग्रेड २’ रक्तस्राव

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी २८व्या आठवड्यात जन्मली, वजन १०५० ग्रॅम. श्वासासाठी सीपॅप (नाकातून हवेचा दाब देणारं यंत्र) लागला, व्हेंटिलेटर लागला नाही. चौथ्या दिवशी डोक्याची सोनोग्राफी झाली आणि रिपोर्टमध्ये ‘डाव्या बाजूला ग्रेड २ रक्तस्राव’ असं आलं. डॉक्टर म्हणतात, थांबून बघू. वडील विचारतात: मेंदूला कायमची इजा झाली का? मुलगी चालेल, बोलेल, शिकेल का? एमआरआय आत्ताच करून घ्यावा का? मेंदूसाठी एखादं औषध सुरू करता येईल का? आणि शेवटी एक ओळ लिहिली आहे, की कामाची दगदग वेळेत थांबवली नाही म्हणून हे झालं असं बाळाच्या आईला सारखं वाटतंय.

मी नवजात शिशुतज्ज्ञ आहे आणि एनआयसीयूतून (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातून) घरी गेलेल्या मुलांचा फॉलोअपही बघते. असा रिपोर्ट घेऊन येणारे आईवडील नेहमीच भेटतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

शेवटच्या ओळीपासून सुरुवात करते. दगदगीने बाळाच्या मेंदूत रक्तस्राव होत नाही. प्रसूती मुदतीआधी होण्याची कारणं असतात: गर्भपिशवीतला जंतुसंसर्ग, पाणी लवकर जाणं, आईचा रक्तदाब वाढणं, जुळं असणं, गर्भाशयाचं तोंड आखूड होणं. कितीतरी वेळा सगळं तपासूनही कारण सापडत नाही. रक्तस्राव त्याच्या पुढचा, आणि तो मेंदूत नेमका कुठे नि का होतो हे समजलं की आईने स्वतःला दोष देण्याचं कारण उरत नाही. हे त्यांना तुम्ही सांगून पटणार नाही कदाचित. डॉक्टरांना त्यांच्यासमोर सांगायला लावा.

आता रिपोर्टबद्दल. एकाच बाजूला, फक्त ग्रेड २, आणि पुढच्या सोनोग्राफ्यांमध्ये नवीन काही दिसलं नाही, तर अशी बहुतेक मुलं चालतात, बोलतात, शाळेत जातात. हे मी धीर देण्यासाठी म्हणत नाही, अनुभव आणि अभ्यास दोन्ही तेच सांगतात. पण त्याच दमात हेही सांगते, की तुम्ही ज्या आकड्याकडे बघताय तो तुमच्या प्रश्नाच्या एका लहान तुकड्याचं उत्तर देतो. कमी दिवसांच्या बाळाच्या मेंदूचं पुढे काय होणार, हे ग्रेडपेक्षा पुढच्या आठ-दहा आठवड्यांत मेंदूची वाढ कशी होते यावर जास्त ठरतं. आणि ते पहिल्या आठवड्यातल्या कुठल्याच रिपोर्टमध्ये लिहिलेलं नसतं.

२८व्या आठवड्यात मेंदू कुठपर्यंत आलेला असतो? चेतापेशी तयार होण्याचं काम जवळजवळ आटोपलेलं असतं, बहुतेक पेशी आपापल्या जागी पोचलेल्याही असतात. राहिलेलं असतं ते पुढचं: पेशींना फांद्या फुटणं, त्या एकमेकींशी जोडल्या जाणं, लांबच्या जोडण्यांवर आवरण चढायची तयारी होणं. २४ आठवड्यांच्या बाळाचा मेंदू वरून जवळजवळ गुळगुळीत असतो. २८व्या आठवड्यात मोजक्या मोठ्या घड्या दिसू लागतात. दिवस भरेपर्यंत त्यावर मोठ्या माणसाच्या मेंदूसारखी वळणंच वळणं येतात. साधारण २९ ते ४१ या आठवड्यांत बाहेरच्या करड्या थराचं आकारमान चौपटीच्या आसपास जातं. मागचा लहान मेंदू तर याच काळात सगळ्यात वेगाने वाढतो. तुमच्या मुलीचा हा सगळा टप्पा पोटात न होता काचेच्या पेटीत होणार आहे. म्हणून काय बिघडलं याच्या जोडीला काय वाढायचं अडलं, हा प्रश्न आम्ही सतत विचारत असतो.

रक्तस्राव कुठे होतो ते बघू. मेंदूच्या मध्ये पाण्याने भरलेल्या पोकळ्या असतात, त्यांना व्हेंट्रिकल म्हणतात. त्यांच्या काठाला, आतल्या अस्तराच्या लगेच खाली, पेशी जन्माला घालणारा एक मऊ थर असतो: जर्मिनल मॅट्रिक्स. आधी तो चेतापेशी बनवतो, नंतर त्यांना आधार देणाऱ्या पेशी बनवतो, आणि काम झालं की ३४-३६ आठवड्यांपर्यंत विरून जातो. दिवस भरलेल्या बाळाला हा रक्तस्राव क्वचितच होतो, कारण तोवर तो थरच उरलेला नसतो. जोवर असतो तोवर त्याला भरपूर रक्त लागतं, पण त्यातल्या केशवाहिन्यांच्या भिंती अगदी पातळ असतात. स्नायूंचा थर नाही, आधाराचे तंतू नावापुरते.

त्यात दुसरी अडचण. आपल्या शरीराचा रक्तदाब खालीवर झाला तरी मेंदूकडे जाणारा रक्तप्रवाह मेंदू स्वतः सांभाळतो. इतक्या लहान बाळाला, विशेषतः ते आजारी असेल तर, हे नीट जमत नाही. शरीरात दाब वाढला की मेंदूत वाढतो, शरीरात पडला की मेंदूत पडतो. रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढला की मेंदूतल्या वाहिन्या फुगतात, एकदम उतरला की आकसतात. जन्मानंतरचे पहिले तीन दिवस या सगळ्याच गोष्टी हलत्या असतात, म्हणून रक्तस्रावही बहुतेक वेळा याच तीन दिवसांत होतो. दीड किलोच्या आतल्या बाळांपैकी साधारण पाचात एकाला तो कमीअधिक प्रमाणात होतो. म्हणूनच या दिवसांत एनआयसीयूत ‘हात कमी लावा’ हा नियम पाळतात. बाळाचं डोकं मधोमध ठेवायचं, डायपर बदलताना पाय उंच उचलायचे नाहीत, सलाईन भराभर सोडायचं नाही, रक्त काढायचं असेल तर दोन कामं एकत्र करायची. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की बाळाकडे कुणी फिरकत नाही. प्रत्यक्षात ते मुद्दाम ठरवून केलेलं असतं.

ग्रेडची ही पद्धत १९७८ साली डॉ. पपाईल आणि सहकाऱ्यांनी सुचवली, तीही सीटी स्कॅन बघून. ग्रेड १ म्हणजे रक्त त्या मऊ थरापुरतंच. ग्रेड २ म्हणजे ते पोकळीत उतरलंय, पण पोकळी फुगलेली नाही. ग्रेड ३ मध्ये पोकळी रक्ताने ताणली जाते. ग्रेड ४ मध्ये शेजारच्या मेंदूतही रक्त दिसतं. १, २, ३, ४ असे आकडे ओळीने आले की एक पायरी चढून दुसरी, असं वाटतं. तसं नाही. ग्रेड ४ ही बहुतेक वेळा वेगळी घटना असते: थरातल्या रक्तामुळे तिथून जाणारी शीर दबते, मागे रक्त तुंबतं आणि तेवढ्या भागातला मेंदू मरतो. ते सहसा एकाच बाजूला होतं, आणि त्याचा परिणाम विरुद्ध बाजूच्या हातापायावर दिसतो. तरी एकाच बाजूला ग्रेड ४ झालेली कितीतरी मुलं स्वतःच्या पायांनी चालतात. उलट, सोनोग्राफीत काहीच न सापडलेल्या काही मुलांना शाळेत अडचणी येतात. आकड्यावरून मुलाचं भविष्य वाचू नका म्हणते ते यासाठी.

ग्रेड १ आणि २ पूर्ण निरुपद्रवी आहेत का, यावर एकमत नाही. काही अभ्यासांत या मुलांमध्ये अडचणींचं प्रमाण किंचित जास्त आढळलं, काहींत रक्तस्राव न झालेल्या, तितक्याच आठवड्यांच्या मुलांइतकंच निघालं. तो थर त्या वेळी आधारपेशी बनवत असतो, तेव्हा तिथे रक्त साचल्याचा थोडा परिणाम होणं शक्य आहे. माझं मत विचाराल तर: २८ आठवड्यांना जन्म होणं हीच मोठी जोखीम आहे, ग्रेड २ ने त्यात पडणारी भर लहान आहे.

पुढचे तीन-चार आठवडे एका गोष्टीवर लक्ष ठेवायचं असतं. पोकळीतलं रक्त विरघळताना मेंदूतल्या पाण्याची वाट अडू शकते आणि पोकळ्या फुगू लागतात. ग्रेड ३ आणि ४ नंतर हे बऱ्याचदा दिसतं, ग्रेड २ नंतर कमी. इतक्या लहान बाळाची कवटी सैल असते, त्यामुळे टाळू ताठ होणं किंवा डोकं भराभर वाढणं ही लक्षणं उशिरा येतात. आतल्या पोकळ्या त्याआधीच मोठ्या झालेल्या असतात. म्हणून रक्तस्राव दिसल्यावर दर आठवड्याला सोनोग्राफी करून पोकळीची रुंदी मिलिमीटरमध्ये मोजतात. डोक्याचा घेर आठवड्याला साधारण अर्धा ते एक सेंटिमीटर वाढला तर ठीक; दोनच्या आसपास वाढू लागला तर लगेच बघावं लागतं. बऱ्याच वेळा पोकळ्या थोड्या फुगून आपोआप थांबतात. नाही थांबल्या तर कमरेतून किंवा डोक्याच्या कातडीखाली बसवलेल्या छोट्या डबीतून, म्हणजे रिझर्व्हॉयरमधून, पाणी काढतात, आणि तरीही साचत राहिलं तर बाळ थोडं मोठं झाल्यावर शंट, म्हणजे जादा पाणी मेंदूतून पोटात सोडणारी नळी, बसवतात. हे सगळं तुमच्या मुलीला लागेल असं नाही. पण राउंडला डॉक्टर आले की ‘ग्रेड काय आहे’ यापेक्षा ‘व्हेंट्रिकलचं माप मागच्या आठवड्याला किती होतं, आज किती आहे’ असं विचारा.

आता ज्याबद्दल कुणी विचारत नाही त्या भागाकडे येते: पोकळ्यांच्या बाहेरचा पांढरा भाग, व्हाइट मॅटर. मेंदूच्या एका भागाचा दुसऱ्याशी आणि मेंदूचा हातापायांशी संपर्क ठेवणारे तंतू इथून जातात. त्यांच्यावर मायलिनचं आवरण चढतं, वायरवर प्लास्टिक असतं तसं. त्याशिवाय संदेश वेगाने जात नाहीत. हे आवरण बनवणाऱ्या पेशी २४ ते ३२ आठवड्यांच्या दरम्यान अर्धवट वयाच्या असतात, आणि त्या वयात त्या विलक्षण नाजूक असतात. रक्तपुरवठा कमी पडला किंवा शरीरात कुठेही जंतुसंसर्गाने दाह पेटला, तर त्या मरतात. गंमत अशी की नंतर तशाच नव्या पेशी तयारही होतात, पण त्यांची पुढची वाढ अडते. पेशी हजर असतात, आवरण चढवायचं काम मात्र रखडतं. त्यावर अवलंबून असलेले तंतू आणि त्यांच्या टोकाचा करडा थरही मग मागे राहतो. २००९ साली बालमेंदूतज्ज्ञ जोसेफ व्होल्पे यांनी हे सगळं एकत्र मांडून या आजाराला मुदतपूर्व बाळाचा मेंदूविकार म्हणूनच बघावं असं सुचवलं, आणि तेव्हापासून आमच्या शाखेचं लक्ष रक्तस्रावावरून या पांढऱ्या भागाकडे सरकलं.

याच इजेचं तीव्र रूप म्हणजे पेरिव्हेंट्रिक्युलर ल्युकोमलेशिया, आमच्या बोलण्यात पीव्हीएल. त्यात पोकळ्यांलगतचा पांढरा भाग मरून तिथे पाण्याच्या बारीक पोकळ्या, म्हणजे सिस्ट, तयार होतात. पायांकडे जाणारे तंतू व्हेंट्रिकलच्या सगळ्यात जवळून उतरतात, हातांचे जरा बाहेरून. म्हणून पीव्हीएल झालेल्या मुलाचे हात बरे चालतात आणि पाय कडक होतात, टाचा टेकत नाहीत, उभं केलं की पाय कात्रीसारखे एकमेकांवर येतात. सुदैवाने सिस्टवाला पीव्हीएल आता पुष्कळ कमी झालाय. सिस्ट न होता सगळीकडे पसरलेली सौम्य इजा मात्र पुष्कळ जास्त असते, आणि ती साध्या सोनोग्राफीत धड दिसत नाही.

सोनोग्राफी कशी असते ते सांगते, म्हणजे तिच्या मर्यादा कळतील. बाळाला पेटीतून बाहेर काढत नाहीत. पेटीच्या खिडकीतून हात घालून, कोमट केलेलं जेल टाळूवर लावून, बोटाएवढा प्रोब हलक्या हाताने टेकवतात. हाड अजून भरलेलं नसतं, म्हणून टाळूतून आतलं दिसतं. पडद्यावर पाणी काळं दिसतं आणि ताजं रक्त पांढरं. मी आधी समोरून मागे जात दोन्ही बाजू सारख्या आहेत का बघते, मग प्रोब वळवून बाजूने बघते. थॅलॅमस आणि कॉडेट या मेंदूतल्या दोन भागांच्या मधल्या छोट्या खाचेत पांढरा ठिपका दिसला की तिथून रक्त आलंय. तिच्यामागे असणारा कोरॉइड प्लेक्सस, म्हणजे पोकळीतलं पाणी तयार करणारा भाग, मुळातच पांढरा दिसतो, त्यामुळे पोकळीत थोडं रक्त आहे की नुसता प्लेक्सस आहे, यावर दोन जाणत्या डॉक्टरांचंही दुमत होऊ शकतं. ग्रेड १ आणि २ मधला फरक कित्येकदा एवढाच असतो. टाळूपासून सगळ्यात लांब म्हणजे लहान मेंदू; तिथला रक्तस्राव वरून बघताना निसटतो. कानामागच्या लहान टाळूतून बघितलं तर सापडतो. तुमच्या मुलीची तशी तपासणी झाली आहे का, हे विचारायला हरकत नाही.

वेळापत्रकही महत्त्वाचं आहे. पीव्हीएलच्या सिस्ट इजा झाल्यावर दोन ते चार आठवड्यांनी दिसतात, आणि पुढे काही आठवड्यांत मिटूनही जातात. म्हणजे पहिल्या आठवड्यातली स्वच्छ सोनोग्राफी पांढऱ्या भागाबद्दल फारसं सांगत नाही. अमेरिकन बालरोग अकादमीच्या २०२० च्या मार्गदर्शनात ३० आठवड्यांपर्यंत जन्मलेल्या बाळांची सोनोग्राफी ७ ते १० दिवसांत, मग ४ ते ६ आठवड्यांत आणि पुन्हा दिवस भरण्याच्या सुमारास करावी असं म्हटलंय. मधली सोनोग्राफी बऱ्याच ठिकाणी राहून जाते, कारण तोवर बाळ वजन धरत असतं आणि सगळे घरी जायच्या गडबडीत असतात. ती राहू देऊ नका.

एमआरआय आत्ता नको. चार दिवसांच्या, किलोभर वजनाच्या बाळाला मशीनपर्यंत नेणं हेच मोठं जोखमीचं काम आहे, आणि त्यातून आज करायचा उपचार बदलणार नाही. करायचाच तर दिवस भरण्याच्या सुमारास, दूध पाजून, दुपट्यात गुंडाळून, झोपेत होतो. बहुतेकदा भूल लागत नाही. पांढऱ्या भागाची इजा आणि लहान मेंदू त्यात चांगले दिसतात. प्रत्येक बाळाचा करावा का यावर मतभेद आहेत. सोनोग्राफ्या स्वच्छ आल्या आणि तपासणीत बाळ छान असलं तर मी सहसा आग्रह धरत नाही. पोकळ्या फुगल्या, सिस्ट दिसल्या, लहान मेंदूबद्दल शंका आली किंवा मोठा जंतुसंसर्ग होऊन गेला, तर करून घेते. एक सांगते, नॉर्मल एमआरआय मोठा दिलासा देतो, पण ‘थोडा बदल आहे’ असा रिपोर्ट आला तर त्याचा अर्थ लावताना आमचीही दमछाक होते. तो रिपोर्ट फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकण्याआधी डॉक्टरांशी बोला.

आता औषध. झालेली इजा भरून काढेल असं सिद्ध झालेलं औषध आज नाही. ‘ब्रेन टॉनिक’ म्हणून दिली जाणारी सिरपं, थेंब, इंजेक्शनं यांच्या नादी लागू नका, आणि स्टेम सेलच्या नावाखाली कुणी पैसे मागितले तर उठून या. एरिथ्रोपोएटिन या तांबड्या रक्तपेशी वाढवणाऱ्या औषधाकडून आम्हाला फार आशा होती. २०२० साली २४ ते २७ आठवड्यांच्या बाळांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला; दोन वर्षांच्या वयात मृत्यू किंवा गंभीर अडचणी यांत काहीच फरक निघाला नाही. मेंदूला वाचवणाऱ्या ज्या गोष्टी खरंच सिद्ध झाल्यात त्या जवळजवळ सगळ्या इजा होण्याच्या आधीच्या आहेत. प्रसूतीआधी आईला दिलेली स्टेरॉइडची इंजेक्शनं, जी मुळात फुप्फुसांसाठी लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२ साली न्यूझीलंडमधून मांडली, रक्तस्रावाचं प्रमाणही बरंच कमी करतात. प्रसूतीआधी आईला दिलेल्या मॅग्नेशियम सल्फेटने सेरेब्रल पाल्सीचा (मेंदूच्या इजेमुळे हातापायांची हालचाल कायमची बिघडण्याचा) धोका साधारण एक तृतीयांशाने उतरतो. नाळ तीस ते साठ सेकंद थांबून कापणं, बाळ थंड पडू न देणं, जिथे सोय आहे अशाच ठिकाणी प्रसूती होणं, यांनीही फरक पडतो. श्वास थांबू नये म्हणून दिलं जाणारं कॅफिन हे यातलं एक सुखद आश्चर्य. २००७ च्या अभ्यासात दीड वर्षाच्या वयात सेरेब्रल पाल्सीचं प्रमाण कॅफिन न मिळालेल्या मुलांत ७.३% होतं, मिळालेल्यांत ४.४%. तुमच्या मुलीला ते चालू असणारच.

मग आता करण्यासारखं काहीच नाही का? भरपूर आहे, आणि त्यातलं निम्मं तुमच्याच हातात आहे. पांढऱ्या भागाचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे पुढच्या आठवड्यांतला जंतुसंसर्ग आणि आतड्यांचा दाह. त्यावर आईच्या दुधाइतकं चांगलं साधन दुसरं नाही. सुरुवातीला दोन-चार थेंब निघाले तरी काढा. आम्ही ते बाळाच्या गालाच्या आत लावतो. पेटीला हात लावण्याआधी प्रत्येक वेळी हात धुवा, आणि डॉक्टर-सिस्टर विसरले तर त्यांनाही टोका. चांगल्या युनिटमध्ये याचा कुणाला राग येत नाही.

दुसरी गोष्ट कांगारू केअर. १९७८ मध्ये बोगोटात पेट्या कमी पडल्या म्हणून सुरू झालेली ही पद्धत आज जागतिक आरोग्य संघटना सर्व कमी दिवसांच्या बाळांसाठी, जन्मानंतर शक्य तितक्या लवकर, दिवसाचे ८ ते २४ तास सुचवते. बाळ उघड्या छातीवर असलं की श्वास आणि ठोके जास्त स्थिर राहतात, झोप गाढ लागते, टोचण्याचं दुखणं कमी जाणवतं, दूधही वाढतं. सीपॅप चालू असतानाही होतं. रक्तस्रावामुळे पहिले दोन-तीन दिवस काही युनिट थांबायला सांगतात, ते ठीक आहे; पण दोन आठवडे झाले तरी कुणी विषय काढला नाही तर तुम्ही काढा. आणि हे फक्त आईचं काम नाही. शर्टाची बटणं काढून तुम्हीही बसा.

घरी गेल्यावरचं गणित आधीच समजून घ्या. दोन वर्षांपर्यंत बाळाची प्रगती करेक्टेड एजने मोजायची, म्हणजे जन्मापासूनच्या वयातून तुमच्या बाबतीत १२ आठवडे वजा करायचे. पाच महिन्यांची झाली तेव्हा ती दोन महिन्यांच्या आसपासचीच आहे असं धरायचं, मग मान का धरली नाही म्हणून घाबरायला होत नाही. लसी मात्र जन्मतारखेनेच द्यायच्या. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी जन्मानंतर चार आठवड्यांत, आणि ऐकण्यासाठी बेरा चाचणी करा. कानात घालून होणारी झटपट चाचणी एनआयसीयूतल्या बाळांना पुरेशी नाही. लोहाचे थेंब सांगितले असतील तर बंद करू नका. तेही मेंदूसाठीच आहेत.

करेक्टेड तीन महिन्यांच्या सुमारास एक तपासणी मला कुठल्याही स्कॅनपेक्षा जास्त सांगते. बाळ पोट भरलेलं, जागं, खुशीत असताना उताणं झोपवायचं, अंगावर फक्त डायपर, आजूबाजूला खेळणं नाही, कुणी बोलवायचं नाही, आणि तीन-चार मिनिटं मोबाइलवर वरून व्हिडिओ काढायचा. मग मी बघत बसते. मनगटं, घोटे, मान, खांदे यांत लहान लहान, सगळ्या दिशांनी, सतत चाललेली चुळबुळ दिसायला हवी. पाय उडवणं वेगळं; ही चुळबुळ त्याहून बारीक असते, आणि एकदा बघितली की विसरत नाही. ऑस्ट्रियातले हाइन्झ प्रेख्टल यांनी ही पद्धत बसवली. ही हालचाल दिसली तर सेरेब्रल पाल्सीची शक्यता फार कमी होते. दिसली नाही, आणि हॅमरस्मिथ तपासणीत (बाळाची ताकद, ताठरपणा, हालचाल यांना गुण देणाऱ्या तपासणीत) गुणही कमी आले, तर थेरपी तेव्हाच सुरू करायची. वर्षभर ‘बघू’ म्हणत बसायचं नाही.

घरी काय बघायचं? करेक्टेड चार महिन्यांनंतरही मुठी घट्ट आवळलेल्या राहणं, एकच हात सारखा वापरणं, पाय कडक ताणणं, नऊ महिन्यांपर्यंत आधाराशिवाय न बसणं. वर्षाच्या आत एखादं बाळ उजवं किंवा डावं ठरलं तर कौतुक करू नका, दाखवायला आणा. आणि झोपेतून उठताना दचकल्यासारखे झटके एकामागोमाग येत असतील तर व्हिडिओ काढून त्याच दिवशी या. तो फिटचा एक प्रकार असू शकतो, आणि त्यात दिवस वाया घालवता येत नाहीत.

आकडा हवा असेल तर एक देते. फ्रान्समध्ये २०११ साली जन्मलेल्या, कमी दिवसांच्या मुलांचा पुढे मोठा पाठपुरावा झाला. २७ ते ३१ आठवड्यांत जन्मलेल्यांमध्ये साडेपाच वर्षांच्या वयात सेरेब्रल पाल्सीचं प्रमाण सुमारे ३% होतं. सगळे आईवडील ज्याला घाबरतात ते एवढंच आहे. त्याच्या कितीतरी पट मुलांमध्ये सौम्य अडचणी होत्या, ज्यांना कुणी घाबरत नाही आणि म्हणून कुणी शोधतही नाही: लक्ष टिकत नाही, गणितात मागे, हात अडखळतो, अनोळखी माणसांत बुजणं, विनाकारण काळजी करत राहणं. मुलगी पाच-सहा वर्षांची होईपर्यंत फॉलोअप संपलेला असतो, फाइल कपाटात गेलेली असते, आणि शाळेतून ‘हुशार आहे पण लक्ष देत नाही’ अशी तक्रार येते. त्या वेळी तिच्या शिक्षिकेला आणि डॉक्टरांना ती २८ आठवड्यांची होती हे सांगा, डोळे पुन्हा तपासून घ्या आणि बुद्धी व लक्ष यांची रीतसर चाचणी मागा. पहिलीत सापडलेली अडचण पहिलीतच सुधारायला घेता येते.